टाकी आतून गंजलेली, बाहेरून फोड आलेले: घरी रंगवावी की नाद सोडावा?

सायलेन्सर_साधू
मंडळी, नमस्कार.
माझ्याकडे एक म्हातारी मोटरसायकल आहे. नऊ वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. दोन महिने खटपट केल्यावर इंजिन बोलायला लागलं, पण घोडं अडलंय टाकीपाशी. आत टॉर्च मारला की गंजाचे पापुद्रे दिसतात आणि कार्ब्युरेटर दर चार दिवसांनी चोंदतो.

बाहेरचा रंग गेल्या वर्षी मीच मारला होता, डब्याच्या स्प्रेने. आठवडाभर आरशासारखा दिसला. मग भरताना थोडं पेट्रोल सांडलं आणि रंगाला सुरकुत्या पडून फोड आले. चिडून घासला, परत मारला, परत तेच.

तर रंग का फुगतो? आतला गंज घरी काढता येतो का? सीलर (आतून अस्तर धरणारं रसायन) ओतावा का? पेंटरकडे देऊन टाक असं सगळेच म्हणतात, पण मग माझ्या हाताला काय उरलं?

फक्त_वाचक
बसलोय पुढच्या रांगेत. फोटो टाका.

उलटा_पाना
पेंटरकडे देऊन टाका.

सायलेन्सर_साधू
@उलटा_पाना, प्रश्नाची शेवटची ओळ वाचलीत का?

उलटा_पाना
वाचली. तरी तेच. मी दोन टाक्या घरी रंगवल्यात, म्हणून सांगतोय.

जुनं_खोड
रंगाचं नंतर. आधी टाकीतलं पेट्रोल काढा, कॉक (पेट्रोलचा नळ) काढा, फ्लोट (पातळी दाखवणारा तरंगता गोळा) काढा आणि ती उघड्यावर ठेवा. लोकांना वाटतं भरलेली टाकी धोक्याची. उलट आहे. भरलेल्या टाकीत हवाच कमी असते. रिकामी झालेली, वासाने भरलेली टाकी हा खरा बॉम्ब. त्या टाकीजवळ ग्राइंडर, वेल्डिंग, सिगरेट काही नको. तारेचा ब्रश लावलेलं ड्रिलसुद्धा नको.

रासायनिक
खोडकाकांना पुष्टी. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ती पेटते. त्याहून कमी असेल तर इंधन अपुरं, जास्त असेल तर हवा अपुरी. रिकामी टाकी नेमकी या पट्ट्यात येऊन बसते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे ती वर न उडता जमिनीलगत सरपटत जाते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या ठिणगीपर्यंत पोचते. बंद खोलीत हा उद्योग करू नये तो त्यासाठी.
गरम पाणी आणि साबणाचा चुरा घालून तीनचारदा खळबळून धुवा. पण धुतली म्हणजे वेल्डिंगला तयार झाली असं समजू नका. जोडाच्या घडीत अडकलेलं पेट्रोल पत्रा तापला की बाहेर येतं.

तिसरा_गियर
साधू, एक विचारते. फोड नेमके कुठे आलेत? झाकणाभोवतीच, की खाली कुठे पण?

चाकोरीबाहेर
माझ्या मेव्हण्याने टाकी गोधडीत गुंडाळून सिमेंट कालवायच्या मिक्सरमध्ये बांधली होती, आत मूठभर नट घालून. अर्धा तास फिरवली. गंज सुटला, गोधडीही सुटली, शेजारीही घर सोडायच्या बेतात होते.

फक्त_वाचक
नट आत घालून हलवायचे? खरंच करतात असं?

तिसरा_गियर
खरंच करतात, आणि चांगलं काम होतं. सुटे पापुद्रे आधी असे खरवडून काढले की रसायनाचं काम निम्मं होतं. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. टोकदार कडांचे नट किंवा जाड पत्र्याचे स्क्रू घ्यायचे, वाळू-खडी नाही. खडीचा भुगा होतो आणि मग तोच कार्ब्युरेटरमध्ये सापडतो. आणि मोजून टाकायचे. टाकीच्या पोटात फ्रेमवर बसायला जो बोगदा असतो ना, त्याच्या दोन्ही बाजूंना कोनाडे असतात. तिथे गेलेला नट बाहेर यायला तयार नसतो.
मी साखळीचा तुकडा वापरते. त्याला तार बांधून तारेचं टोक झाकणाच्या भोकातून बाहेर ठेवायचं. ओढला की आला.

सायलेन्सर_साधू
साखळीचा सल्ला दुपारी चारला वाचला. नट दुपारी तीनला टाकले होते.
२४ टाकले. २३ निघाले.

उलटा_पाना
😂😂 पेंटरकडे द्या.

चाकोरीबाहेर
लोहचुंबक दोरीला बांधून सोडा आत.

सायलेन्सर_साधू
सोडला. टाकीच लोखंडाची, त्यामुळे तो आत शिरल्याशिरल्या भिंतीला चिकटला. आता चुंबक काढतोय.

फक्त_वाचक
धागा जतन करून ठेवण्यात येत आहे.

गंज_शास्त्री
जरा उशिरा आलो. गंज काढायच्या पद्धतींवर थोडं लिहितो, कारण यात अर्धवट माहितीने टाक्या मारलेल्या पाहिल्यात.

मीठाचं आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक: दहा मिनिटांत गंज जातो म्हणून लोक खूश होतात. ते गंज खाऊन थांबत नाही, पत्राही खातं. झाळलेले जोड असतील तर झाळ खातं. काही टाक्यांना आतून जस्ताचा मुलामा असतो, तो तर आधी जातो. आणि धुतल्यावर टाकी तुमच्या डोळ्यांदेखत परत नारिंगी होते. मी वापरत नाही.

सायट्रिक आम्ल: घरच्यासाठी माझी पहिली पसंती. ५ ते १० टक्के द्रावण, म्हणजे १२ लिटरच्या टाकीला ६०० ग्रॅमपासून १२०० ग्रॅमपर्यंत. कोमट पाणी घ्या, काम पटकन होतं. झाकणाशी काठोकाठ भरा, नाहीतर वरचा घुमट गंजकाच राहतो. झाकण घट्ट लावू नका, हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. रात्रभर ठेवा, सकाळी बघा. हवं तर द्रावण बदलून परत. विसरून चार दिवस ठेवू नका, तेही पत्रा खातंच, फक्त सावकाश.

फॉस्फरिक: चांगलं. गंजाचं आयर्न फॉस्फेट करतं, पत्र्यावर राखाडी थर राहतो आणि तो थोडा वेळ नवा गंज रोखून धरतो. हातमोजे, चष्मा हवाच.

मळी, म्हणजे साखर कारखान्यातला काळा पाक: एक भाग मळी, साधारण दहा भाग पाणी. पत्र्याला जवळजवळ हात लावत नाही, पण दोनतीन आठवडे लागतात आणि वासाने घरचे बोलणं टाकतात.

उलटा_पाना
आणि विजेची पद्धत राहिली की. बॅटरी चार्जरवाली. सगळ्यात भारी तीच.

गंज_शास्त्री
भारी आहे, पण टाकीच्या आतल्या कामाला किचकट. धुण्याचा सोडा पाण्यात (लिटरला एक मोठा चमचा), टाकीला चार्जरचं ऋण टोक, झाकणाच्या भोकातून साध्या लोखंडाची सळई धन टोकाला. सळई टाकीला कुठे टेकली की शॉर्ट. आणि ही पद्धत सळईसमोरचाच भाग साफ करते, कोनाड्यात पोचत नाही.

रासायनिक
यात तीन धोक्याच्या जागा आहेत. सळई स्टेनलेसची घ्यायची नाही, त्यातून सहासंयुजी क्रोमियम पाण्यात उतरतं, विषारी आहे. सोड्याऐवजी मीठही नको, क्लोरिन वायू निघतो. आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद. हायड्रोजनवर ठिणगी पडली तर काय होतं ते सांगायला नको.

सायलेन्सर_साधू
सायट्रिक ठरलं. पण शास्त्रीबुवा, 'डोळ्यांदेखत परत नारिंगी' याचं काय करायचं?

गंज_शास्त्री
ती शर्यतच असते. आम्ल बाहेर ओतलं की लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळा, मग दोनदा साध्या पाण्याने. निथळा. मग ॲसिटोन किंवा मेथिलेटेड स्पिरिट थोडं घालून सगळीकडे फिरवा, कोपऱ्यातलं पाणी ते आपल्यात ओढून घेतं. ते ओता, टाकी उघड्यावर वाफ जाईपर्यंत ठेवा आणि त्यानंतरच हेअर ड्रायरची गरम हवा. क्रम उलटा केलात तर भुवया जातील. ड्रायरच्या आत लाल तापलेली तार असते. शेवटी सीलर घालणार नसाल तर थोडं इंजिन ऑइल आत फिरवून ठेवा.

चाकोरीबाहेर
आणि ड्रायर कोणाचा आहे ते आधी पाहा. आमच्या घरातला टाकी-प्रकरणानंतर कुलपात असतो.

पॉलिशपेपर
सीलरचा प्रश्न कोणी घेतला नाही. माझं मत: घालू नका. एकदा घातला होता. टाकी पुरती कोरडी नव्हती बहुतेक. दीड वर्षाने तो आतून केळीच्या सालीसारखा सुटला, मोठेच्या मोठे पापुद्रे, आणि कॉक बंद. काढायला जे सॉल्व्हंट लागलं त्याने बाहेरचा रंगही नेला. गंज बरा होता, निदान फिल्टरमध्ये तरी अडकत होता.

तिसरा_गियर
माझ्या टाकीत इपॉक्सी सीलर सहा वर्षं आहे, काही झालं नाही. चूक सीलरची नव्हती, ओलाव्याची होती. ते तुम्हीच लिहिलंय.

पॉलिशपेपर
ताई, मान्य. पण घरी 'पुरती कोरडी' झाली हे कळणार कसं? आतला अर्धा भाग दिसतच नाही.

जुनं_खोड
दोघांचं बरोबर. पत्रा धड असेल तर सीलर नको. गंज काढा, जाळीचा फिल्टर बसवा आणि गाडी वापरा. उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, आत हवा कमी, म्हणजे दव कमी. छिद्रं असतील तरच सीलर. तोही मोठ्या भोकाचा इलाज नाही, सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांचा. मोठं भोक असेल तर झाळकाम करणाऱ्याकडे. घरी नाही.
आणि घालणारच असाल तर पेट्रोलमधल्या इथेनॉलला टिकणारा आहे हे डब्यावर वाचून घ्या. जुन्या प्रकारचे काही सीलर इथेनॉलमध्ये मऊ पडतात.

तिसरा_गियर
म्हणून तर मघाशी विचारलं, फोड कुठे आहेत. साधू, उत्तर राहिलंय.

सायलेन्सर_साधू
माफ करा, चुंबकाच्या नादात राहिलं. झाकणाभोवती तर आहेतच. आणि आत्ता नीट बघितलं तर उजव्या बाजूला खाली, कॉकच्या वर बोटभर, जोडाजवळ तीन-चार बारीक फोड आहेत. तिथे पेट्रोल सांडलेलं नव्हतं.

तिसरा_गियर
वाटलंच. मग तुमची दुखणी दोन आहेत, एक नाही.
वरचे फोड सांडलेल्या पेट्रोलचे. खालचे आतून आलेले. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाला जाऊन बसतं. रिझर्व्हच्या पातळीखालचं ते थेंबभर पाणी नऊ वर्षं एकाच जागी उभं होतं. तिथला पत्रा आतून कुरतडला गेलाय, आणि सुईएवढ्या छिद्रातून पेट्रोल रंगाखाली झिरपतंय. बाहेरून कितीही भारी रंग मारा, तो तिथे उठणारच.
तपासायला: भोकं बुचांनी बंद करा, तोंडाने किंवा सायकलच्या पंपाने जेमतेम हवा भरा, बाहेरून साबणाचं पाणी लावा. कंप्रेसर अजिबात नको. टाकीचा पत्रा दाबासाठी नसतो, फुगते.

चाकोरीबाहेर
फुगते म्हणजे, पोचा काढायला लोक मुद्दाम हवा भरतात ते? 😬

जुनं_खोड
हो, आणि पोच्याऐवजी बोगदा बाहेर येतो. मग टाकी फ्रेमवर बसत नाही. पाहिलंय.

सायलेन्सर_साधू
बुडबुडे आले. दोन जागी. ताई, दंडवत.

रासायनिक
आता पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे वरचे फोड. साधा स्प्रेचा रंग त्यातलं सॉल्व्हंट उडून वाळतो. म्हणजे तो नुसता सुकलेला असतो. परत सॉल्व्हंट लागलं की परत विरघळतो, आणि पेट्रोल हे सॉल्व्हंटच. हार्डनर (घट्ट करणारं रसायन) मिसळलेला दोन भागांचा रंग किंवा क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) मात्र वाळताना रेणूंची जाळी विणतो. ती पेट्रोलने उलगडत नाही. खात्री करायची असेल तर फडक्याला थिनर लावून जुना रंग कोपऱ्यात चोळा. फडक्यावर रंग आला तर साधा, नाही आला तर हार्डनरवाला.

फक्त_वाचक
म्हणजे दोन भागांचा क्लिअर आणायचा, मारायचा. प्रश्न मिटला?

रासायनिक
नाही. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. वास जवळजवळ येत नाही, त्यामुळे नाकाला पत्ता लागत नाही. एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे अगदी थोड्या मात्रेलाही दमा उसळतो, आणि ते सहसा आयुष्यभराचं होतं. कापडी मास्क म्हणजे शोभेची वस्तू. कामाची माणसं बाहेरून नळीने ताजी हवा येणारा मुखवटा घालतात.

उलटा_पाना
म्हणजे मी पहिल्यापासून जे म्हणत होतो ते 😌

जुनं_खोड
अर्धंच म्हणत होतास बाळा. रंगात ऐंशी टक्के काम घासण्याचं आणि ते घरी होतं. क्लिअरचे दोन हात बाहेर मारून घ्यावेत, बाकी सगळं साधूंनी करावं. क्रम सांगतो.

जुना रंग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा. जुन्या गाडीच्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासू नका, ओलं घासा, मास्क लावा, लहान पोरं लांब ठेवा. थर मात्र बघत बघत काढा, मजा येते. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात, किती मालकांनी किती रंग मारले ते. मूळ रंग हवा असेल तर बॅजखाली किंवा टाकीच्या पोटाला बघा, तिथे ऊन पोचलेलं नसतं.

पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी पुसून इपॉक्सी प्रायमर. हात लावू नका, बोटांचे ठसेसुद्धा गंजतात. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, प्रायमरच्या वर भरा. लांबी पाणी पिते, उघड्या पत्र्यावर भरली तर ओलावा तिच्यातून थेट लोखंडाला. म्हणून लांबी कोरडीच घासायची. हार्डनर बेताने, दोन टक्क्यांच्या आसपास. जास्त घातला की हातातच दगड होतो, आणि पुढे रंगातून डाग वर येतात. लांबी कुठे किती भरली ते डोळ्याला नाही, तळहाताला कळतं. डोळे मिटून हात फिरवा.

मग १८०, ३२०. परत प्रायमर, ४०० ने ओला, ६०० ने ओला. त्यानंतर रंग.

पॉलिशपेपर
ओलं घासल्यावर पाणी पूर्ण सुकू द्या. मी घाई केली होती, महिन्याने रंगाखाली बारीक पुरळ उठलं.

चाकोरीबाहेर
अवांतर: डबा कोमट पाण्यात (उकळत्या नाही!) दहा मिनिटं ठेवला की फवारा बारीक येतो. वीत-सव्वावीत अंतरावरून, टाकीच्या अलीकडून सुरू करायचं, पलीकडे जाऊन बोट सोडायचं. मध्येच थांबलात की ओघळ. पहिला हात इतका पातळ की 'काहीच झालं नाही' असं वाटलं पाहिजे.

पॉलिशपेपर
आणि दमट हवेत मारू नका, रंग दुधाळ होतो. आणि टाकीला आधी कधी सिलिकॉनचं पॉलिश लावलं असेल तर रंग ठिकठिकाणी पळून गोल खड्डे पडतात. मेण-तेल काढायच्या सॉल्व्हंटने आधी पुसा. घासायच्या आधी, नाहीतर तेच सिलिकॉन ओरखड्यांत भराल.

पेट्रोलपिपासू
सगळं वाचलं. माझं उलटं मत. रंगवूच नका. जुन्या टाकीवरचे डाग, गुडघ्यांनी घासून गेलेला रंग, तेच तर त्या गाडीचं वय. आतून नीट करा, छिद्रं बुजवा, वर तसंच. नवी कोरी टाकी आणि बाकी म्हातारी गाडी, म्हणजे नुसती दातांची नवी कवळी.

सायलेन्सर_साधू
@पेट्रोलपिपासू, मूळ रंग असता तर ऐकलंही असतं. पण वर माझाच फोड आलेला रंग आहे. माझ्या चुकांचं वय एक वर्ष.

पेट्रोलपिपासू
मग घासा.

सायलेन्सर_साधू
सव्वा महिन्याने धागा वर काढतोय, खुलासा द्यायचा राहिला होता.

सायट्रिक दोन रात्री. पहिल्या रात्रीनंतर पाणी काळंहिरवं झालं, ते बदललं. पत्रा आतून राखाडी निघाला. छिद्रं मी समजलो त्यापेक्षा मोठी होती, झाळून घेतली. ज्यांनी झाळली त्यांनी टाकी आधी परत धुतली आणि पाण्याने भरूनच हात लावला, हे बघून बरं वाटलं. मग सीलर घातला. पॉलिशपेपर, रागावू नका. कोरडी झाली हे कळण्यासाठी टाकी तीन दिवस उन्हात, रोज वेगळ्या बाजूला तोंड करून ठेवली. सीलर घातल्यावर दर काही मिनिटांनी कूस बदलत बसलो, तान्ह्या बाळासारखी.

बाहेर चार थर निघाले: माझा काळा, एक मेंदी, एक भयानक निळा आणि खाली गर्द तपकिरी. बॅजखाली तोच तपकिरी, अजून चकाकणारा. तोच मारलाय. खोडकाकांचं डोळे मिटून हात फिरवणं करून पाहिलं, डोळ्यांना सपाट वाटलेल्या जागी दोन खड्डे सापडले. रंगाचे तीन हात घरी. क्लिअर बाहेरून. तिथल्या कारागिराने आधी एका फालतू पत्र्यावर माझाच डबा मारून त्यावर क्लिअर टाकून बघितलं, खालचा रंग उचलतो का ते. नाही उचलला, मग टाकीला हात लावला.

काल टाकी फुल केली. मुद्दाम झाकणाशी थेंबभर सांडलं, पाच मिनिटांनी पुसलं. काही नाही.

फक्त_वाचक
टाळ्या! फोटो??

जुनं_खोड
छान. महिनाभर मेण-पॉलिश लावू नका, क्लिअर अजून आतून सुकतोय.

पॉलिशपेपर
रागावलो नाही. दीड वर्षाने विचारतो.

उलटा_पाना
तो चोविसावा नट सापडला का?

सायलेन्सर_साधू
नाही. पण हलवली तर खडखडत नाही. मला वाटतं मुळात २३च टाकले असतील.

तिसरा_गियर
सीलर घातल्यावर खडखडायचा थांबला, की आधीच थांबला होता?

सायलेन्सर_साधू
...घातल्यावर.